बेवारस आवृत्तीचा पालक

बायकोच्या शिवणखोलीतल्या संगणकावर एके सकाळी एक पिवळी पट्टी उगवली. पट्टीवर लिहिलं होतं, 'आपण वापरत असलेल्या आवृत्तीचा आधार संपला आहे. यापुढे तिच्यात कोणतीही दुरुस्ती होणार नाही. कृपया नवी आवृत्ती घ्यावी.'

ज्याने उभी नोकरी आवक-जावक विभागात काढली, त्याला आलेल्या कागदाचं उत्तर दिल्याशिवाय घास गिळवत नाही. निवृत्तीनंतर तर माझे फार हाल झाले. घरी येतात ती बिलं. त्यांना उत्तर नको असतं, भरणा हवा असतो. त्यामुळे 'कृपया' या शब्दाने सुरू होणारं काहीतरी कितीतरी दिवसांनी समोर आलं, तेव्हा ते मलाच उद्देशून आहे असं मी धरून चाललो.

हे सॉफ्टवेअर कपड्यांचे खाके काढायचं. गिऱ्हाइकाची मापं भरली की छाती, पाठ, बाही, कॉलर असे सगळे तुकडे आखून मिळतात. ते कागदावर छापायचे, कापायचे, कापडावर ठेवायचे आणि कात्री चालवायची. ओपन सोर्स होतं. म्हणजे जगातल्या काही सज्जनांनी फावल्या वेळात ते लिहिलं आणि 'घ्या, वापरा, वाटलं तर उसवून बघा' म्हणून चव्हाट्यावर मांडून ठेवलं. फुकट. फुकटच्या वस्तूबद्दल आपल्यासारख्यांना दोन शंका हमखास येतात: यात काहीतरी गोम आहे, आणि हे एक दिवस बंद होणार. बायकोने इतकी वर्षं त्यावर झगे, जाकिटं, शर्ट शिवून पहिली शंका निकालात काढली होती. दुसरी आता पिवळी होऊन समोर आली होती.

"अगं, ही पट्टी बघितलीस का?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? ती वर आहे, माझी बाही खाली आहे. ती माझ्या आड येत नाही. तुम्हीही येऊ नका."

तिचं बरोबरच होतं. गावातल्या गायनवृंदाचे कोट शिवायचं काम तिने नाक्यावरच्या रेडीमेड दुकानदाराच्या हातून खेचून आणलं होतं. दुकानदाराकडे लहान, मध्यम आणि मोठा असे तीनच प्रकारचे मनुष्यप्राणी. गायनवृंदात तसं कुणीच नसतं. खर्जात गाणाऱ्यांचा सगळा स्वर पोटात साठवलेला, वरच्या पट्टीतले मानेने लांब, आणि मधल्या फळीतले स्वभावाने आणि खांद्याने उतरते. एकेकाचं माप घेऊन बायकोने सगळ्यांचे खाके संगणकात तयार ठेवले होते. बहिणीकडे चार दिवस जाऊन आली की कापायला बसणार होती. निघताना म्हणाली, "मी येईपर्यंत त्या खोलीत धूळ पुसायलासुद्धा जाऊ नका."

धूळ मी पुसली नाही, हे नोंदवून ठेवतो.

मी फक्त मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो, त्यामुळे जगात न दिसणारी घाण कुठेकुठे असते हे त्याला पाठ आहे. पट्टी बघून तो चुकचुकला.

"भाऊजी, आधार संपला म्हणजे दाराला कडी नाही असं समजा. उद्या कुणीही आत शिरेल."

"शिरून करेल काय? गवयांच्या कंबरेची मापं नेईल?"

"आज कंबर, उद्या बँक!"

बँक म्हटल्यावर माझ्यातला पुरुष जागा झाला. आम्ही दोघं खोलीत शिरलो.

नवी आवृत्ती म्हणाली, तुमच्या संगणकाची मूळ प्रणालीच म्हातारी आहे, आधी ती बदला. ती बदलली. नव्या प्रणालीने प्रिंटरला ओळख द्यायचं नाकारलं. प्रिंटरवाल्या कंपनीने म्हणे त्या जातीच्या प्रिंटरचं नावच टाकलं होतं. नवा प्रिंटर आणला. तो रुंदीला थोराड निघाला, म्हणून टेबल सरकवलं. टेबलाने कपाटाची वाट अडवली, म्हणून कपाट फिरवलं. कपाटाची पाठ दाराला लागली. एक पिवळी पट्टी काढायला गेलेले आम्ही संध्याकाळी त्या खोलीतून एकेक करून, पोट आत ओढून, आडवे बाहेर पडलो.

पण पट्टी गेली! त्या आनंदात शेवटचा प्रश्न आला: 'जुने खाके नव्या पद्धतीत बदलायचे का? हा बदल मागे घेता येणार नाही.' मी चष्मा शोधत होतो. चष्मा सापडेपर्यंत मेव्हण्याने 'हो' दाबलं होतं.

"अरे, जुन्याची एक प्रत तरी ठेवायचीस!"

"जुन्याची प्रत कशाला भाऊजी? जुन्यापासून सुटका करून घ्यायलाच तर बसलो होतो आपण."

आमच्या विभागात असल्या माणसाला थेट नियोजन खात्यात पाठवत असत.

बायको आली, दारातून आडवी आत शिरली, खोलीकडे एकवार बघितलं आणि काहीच बोलली नाही. आमच्या घरात बोलणं हा पाऊस आहे आणि न बोलणं हा पूर. पण खाके सगळे जागेवर दिसत होते, तेव्हा तिने रीतीप्रमाणे पहिला कोट मास्तरांचा कापला. मास्तर म्हणजे वृंदाचे संचालक. सडपातळ, मिशाळ, स्वतःच्या पाठीबद्दल फार जागरूक. कारण श्रोत्यांना त्यांची पाठच दिसते.

कोट अंगावर चढवून ते आरशासमोर उभे राहिले. पाठ बघितली. खूश झाले. मग सवयीने त्यांनी दोन्ही हात वर केले.

हातांबरोबर कोटही वर गेला. कॉलर कानांपर्यंत पोचली, मिशा आत गेल्या, आणि खाली सदऱ्याचं टोक बाहेर येऊन लोंबू लागलं. कोटाच्या आतून आवाज आला, "बाई, हात खाली असेपर्यंत कोट उत्तम आहे. पण हात खाली आणून गाणं संपवता येतं. सुरू कसं करू?"

नव्या आवृत्तीत मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात त्या गोलाईचा, हिशोब सुधारला होता. कुणाच्या भल्यासाठी, ते सुधारणाऱ्यालाच माहीत. सगळ्या कोटांचे मुंढे खाली उतरले होते. मास्तर सज्जन माणूस, पण जाताजाता चुळबुळत म्हणाले, "नाक्यावरच्या दुकानदाराने नमुना म्हणून एक कोट पाठवलाय. मी हात लावलेला नाही. पण पुढच्या तालमीपर्यंत तुमचा कोट बसला नाही, तर मला तिकडे जावं लागेल. कार्यक्रम तोंडावर आलाय."

"सगळे खाके हाताने पुन्हा काढायचे म्हणजे तालीमच काय, कार्यक्रमही होऊन जाईल," बायको म्हणाली. हे ती भिंतीला म्हणाली. त्यानंतर आमचं संभाषण चालू राहिलं, पण मेव्हण्यामार्फत. मी समोर बसलेलो असताना ती त्याला सांगायची, "त्यांना म्हणावं, चहा झालाय." तो मला म्हणायचा, "भाऊजी, चहा झालाय." मी म्हणायचो, "तिला सांग, आलो." बायको नाव गमवायच्या बेतात होती आणि मी बायको, असा तो सरळ हिशोब होता.

तेव्हा मी कामाला लागलो. जुनी आवृत्ती परत मिळवायची. संकेतस्थळावर लिहिलं होतं, 'जुनी आवृत्ती आता वाटली जात नाही. अडचण असल्यास फोरमवर लिहावे.' मी लिहिलं. विषय, संदर्भ, 'महोदय', 'उपरोक्त विषयास अनुसरून', परिस्थितीचं थोडक्यात विवेचन, मुंढ्याची आकृती जोडपत्र म्हणून, आणि शेवटी 'आपला कृपाभिलाषी'. तासाभरात उत्तर आलं: 'बंद. दुरुस्ती होणार नाही.'

खाली सही नाही, हुद्दा नाही. आमच्याकडे अर्ज फेटाळायचा झाला तरी आधी तो टेबलाटेबलावर फिरायचा, त्याच्यावर शेरे पडायचे, चहाचा डाग पडायचा. फेटाळलेल्या माणसालासुद्धा वाटायचं, आपल्यासाठी कुणीतरी झिजलं. हे म्हणजे दार उघडून, बघून, पुन्हा लावल्यासारखं झालं.

ही हकिगत मी जिन्यात समोरच्या शेजाऱ्याला सांगितली. त्याला सगळे पुढारी म्हणतात. कारखान्यात त्याने जन्मभर कामगारांचे लढे लढवले. आता लढायला कुणी उरलं नाही म्हणून तो पाणी सोडणाऱ्या माणसाशी भांडतो. लढा म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले.

"पैसे किती भरलेत?"

"एकही नाही. फुकट आहे."

"इथेच घोटाळा झाला! ज्याला पैसे दिले नाहीत, त्याच्यावर ओरडणार कोणत्या तोंडाने? आधी पैसे भरा. मग बघतो."

आम्ही दोघांनी पैसे भरायची जागा शोधली. ती नव्हती. जगात असं काही असू शकतं यावर पुढाऱ्याचा विश्वास बसेना. त्याने माझ्या हातून माउस घेऊन स्वतः शोधलं.

"बरं, मालक कोण आहे?"

"मालक नाही."

"मालक नाही?" तो खुर्चीत मागे टेकला. "अहो, मग घोषणा कुणाच्या नावाने द्यायच्या?"

मी त्याला पाणी दिलं. एखाद्याचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान डोळ्यांदेखत गळून पडताना बघणं बरं नसतं.

पण खरा पुढारी पाणी पिऊन पुन्हा उभा राहतो. माझ्या बंद झालेल्या अर्जाखाली लोक लिहायला लागले होते. एका इस्पितळाच्या शिवणविभागाच्या प्रमुखबाई लिहीत होत्या की, नव्या अंगरख्यात त्यांच्या परिचारिकांना वरच्या फळीवरचं औषध काढता येत नाही. एक कळसूत्री बाहुल्यांचे कपडे शिवणारा गृहस्थ होता. त्याच्या बाहुल्या हात वर करून शरण येऊ शकत नव्हत्या आणि त्यामुळे नाटकाचा शेवट अडला होता. घोड्यांच्या झुली शिवणारी एक बाई होती. घोड्याला बाही नसते हे खरं, पण मान असते, आणि तिथेही तीच गोलाई बिघडली होती. सगळ्यांनी कधी ना कधी लिहून बघितलं होतं. सगळ्यांना तेच उत्तर.

"ही तर संघटना आहे!" पुढारी ओरडला. तिथल्या तिथे त्याने 'जुनी आवृत्ती बचाव समिती' स्थापन केली आणि मागण्या सांगायला सुरुवात केली. मी टंकत गेलो. मालक नसल्यामुळे त्याने 'संबंधित प्रवृत्ती' असा शब्द योजला. 'संबंधित प्रवृत्तींनी जुन्या आवृत्तीचा आधार तात्काळ पूर्ववत सुरू करावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांना त्याच जबाबदार राहतील.' कोणते परिणाम, ते त्याने सांगितलं नाही. मोघमपणातच जरब असते म्हणे.

या वेळी उत्तर लांबलचक आलं.

'मी दिवसा गुरांचा डॉक्टर आहे,' त्या माणसाने लिहिलं होतं. 'संध्याकाळी गोठ्यांतून घरी आलो की हे काम करतो. आम्ही दोघं होतो. दुसऱ्याला जुळं झालं, तो आता फक्त दूध गरम करतो. दोन-दोन आवृत्त्या सांभाळायला हात नाहीत, म्हणून जुनी सोडली. तुमच्या अर्जाला तुटक उत्तर दिलं ते चुकलं. त्या दिवशी एक गाय अडली होती. पण जुनी आवृत्ती काही माझ्या मालकीची नाही, जशी नवीही नाही. तिच्यातला धागान्‌धागा उघडा आहे. ज्याला हवी त्याने सांभाळावी. जुनी आवृत्ती ठेवलेल्या कोठाराची किल्ली देतो. फक्त नाव कळवा.'

मी ते वाचलं आणि माझ्या रागाला टेकायला जागाच राहिली नाही. आपण ज्याला खातं समजून अर्जावर अर्ज करत होतो, ते खातं म्हणजे शेणाने भरलेले बूट दाराबाहेर काढून ठेवणारा एक दमलेला माणूस होता.

पुढाऱ्याला मात्र वेगळंच दिसलं. "व्यवस्थापन झुकलं!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "मागणी जशीच्या तशी मान्य!" आणि मी चष्मा पुसेपर्यंत त्याने 'नाव' या रकान्यात माझं नाव भरून पाठवूनही दिलं. माझ्या चष्म्याच्या आणि या घराच्या पाठीमागे कोणतं शुक्लकाष्ठ लागलंय कळत नाही. मागणी मान्य झाली की ती कुणीतरी राबवायची असते, हे चळवळीत कुणी सांगत नाही.

असा मी, ज्याला संगणकाचा 'स'सुद्धा धड येत नाही, तो एका जागतिक सॉफ्टवेअरच्या बेवारस आवृत्तीचा पालक झालो.

किल्लीने कोठार उघडलं, जुनी आवृत्ती मिळाली, संगणकावर बसवली. आणि आमचे बदललेले खाके तिने उघडायला साफ नकार दिला. नव्या पद्धतीत गेलेलं पोर तिला ओळखू येईना. मेव्हण्याने घसा खाकरला आणि आपल्याला एका गिऱ्हाइकाची गाळणी बदलायची असल्याचं आठवून तो निघून गेला.

मी एकटाच कोठारात इकडेतिकडे बघत बसलो, आणि कोपऱ्यात मला एक कप्पा दिसला. त्यावर लिहिलं होतं: 'लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या. प्रलंबित.'

प्रलंबित! तो शब्द वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

कप्पा गच्च भरलेला होता. जगभरच्या लोकांनी दुरुस्त्या लिहून पाठवल्या होत्या आणि आधार संपल्यामुळे त्या कुणी उघडूनही बघितल्या नव्हत्या. तळाशी झूलवाल्या बाईची एक होती: 'नव्या पद्धतीत बदललेले खाके जुन्या आवृत्तीत परत उघडण्याचा उपाय.' त्याखाली तिनेच मधूनमधून लिहिलं होतं, 'कुणी आहे का?' मग, 'अजून कुणी आहे का?' मग नुसतंच, 'बरं.'

उपायातलं मला अक्षर कळलं नाही. पण कागदातलं कळणं हे आवकचं काम कधीच नव्हतं. कागद कळणाऱ्यापर्यंत पोचवणं, आणि पोचला की पाठ न सोडणं, हे आमचं काम. मी तिला लिहिलं, 'आपला उपाय मिळाला. कार्यवाही सुरू आहे.' तिचं उत्तर ताबडतोब आलं. त्यात शब्द कमी आणि उद्गारचिन्हं जास्त होती.

गुरांच्या डॉक्टरला मी नम्रपणे कळवलं की, आपण जबाबदारीतून मुक्त आहात, तथापि सोबतच्या प्रस्तावावर अभिप्राय द्यावा. दोन गायींच्या मधल्या वेळात त्याने तो वाचला, एक चूक दाखवली. झूलवाल्या बाईने ती सुधारली. त्याने लिहिलं, 'बरोबर आहे.' एवढ्यावर मी मंजुरी दिली असती, तर मेव्हण्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी समितीच्या सगळ्या सभासदांना फर्मान काढलं: आधी खाक्यांची प्रत ठेवा, मग उपाय लावा, चिंधीतून एक बाही शिवा आणि ती घालून हात वर केलेला फोटो पाठवा.

फोटो आले. इस्पितळातल्या परिचारिका औषधाच्या फळीपर्यंत हात नेऊन हसत होत्या. बाहुल्यांची अख्खी पलटण शरण आली होती. झूलवालीने घोड्याचा फोटो पाठवला. घोड्याने मान पूर्ण मागे वळवली होती आणि या सगळ्याबद्दलचं त्याचं मत चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी चष्मा आधीच नाकावर चढवला, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली आणि स्वतःच्या बोटाने 'मंजूर' दाबलं.

मेव्हणा परत आला होता. त्याने आत वर्दी दिली, "ताई, भाऊजी म्हणतात मुंढा परत आला."

"त्यांना म्हणावं, येऊन हात वर करून उभे राहा."

मी जाऊन उभा राहिलो. तिने मास्तरांच्या कोटाची पाठ आणि बाही कच्च्या दोऱ्याने जोडून माझ्या अंगावर चढवली. तोंडात टाचण्या होत्या. खांदा चाचपला, काखेखाली बोट फिरवलं, मागे सरून डोळे बारीक केले. माझे हात भरून आले, पण मी ब्र काढला नाही. अखेर टाचण्या काढून ती म्हणाली, "हलू नका."

ती हे मला म्हणाली, थेट. मेव्हण्याने सवयीने "भाऊजी, हलू..." म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तालमीच्या दिवशी मास्तरांनी नवा कोट चढवला, श्वास घेतला आणि दोन्ही हात उचलले. कोट जागेवर राहिला. वृंद मात्र गाणं सुरू करायचं विसरला, कारण सगळे कोटाच्या खालच्या काठाकडेच बघत होते. मास्तरांना हात पुन्हा उचलावे लागले. तेव्हा कुठे सूर लागला. बाकीचे कोट त्याच आठवड्यात कापले गेले, आणि नाक्यावरच्या दुकानदाराचा नमुना न उलगडता परत गेला. पुढाऱ्याने त्याला 'ऐतिहासिक विजय' म्हटलं.

आता मला रोज टपाल असतं. जुनी आवृत्ती वापरणारे इतके लोक जगात असतील असं वाटलं नव्हतं. मी प्रत्येकाला पोच देतो, त्याची तक्रार कळणाऱ्याकडे पाठवतो, आठवण करतो, पुन्हा आठवण करतो. दुरुस्ती मी एकही करत नाही. तरी लोक लिहितात, 'इतकी चांगली सेवा नव्या आवृत्तीवाल्यांनाही नाही.' गुरांचा डॉक्टरही मधूनच विचारतो, तुमच्याकडे बदली मिळेल का?

परवा अशीच एक तक्रार आली. सगळे रकाने नीट भरलेले.

'दोष: घरातला माणूस दुसऱ्याच्या यंत्राला हात लावतो. दोष कसा घडतो: बायको बाहेरगावी जाते. नवरा एकटा राहतो. त्याला पिवळं काहीतरी दिसतं. अपेक्षित वर्तन: काही न करणे. प्रत्यक्ष वर्तन: सगळं. टीप: खोलीचं दार अजून अर्धंच उघडतं.'

मी शिवणखोलीच्या दाराशी गेलो. आतून मशीनचा आवाज येत होता.

"अगं, हे घरातल्या घरात सांगता आलं नसतं का?"

"घरात सांगितलं तर तुम्ही ऐकून घेता. तिथे लिहिलं तर उत्तर देता."

मुद्दा बिनतोड होता. शिवाय पालकाने आपपरभाव करून चालत नाही. मी बाहेरच्या खोलीत जाऊन फोनवरून लिहिलं, 'महोदया, आपली तक्रार मिळाली. अधिक तपासासाठी कृपया कळवावे: सदर दोष लग्नानंतर उद्भवला, की मूळ आवृत्तीतच होता?'

आत मशीन थांबलं. थोड्या वेळाने उत्तर आलं.

'मुळातच होता. घेताना घरच्यांनी फक्त फोटो बघितला होता.'

बघता बघता त्या उत्तराखाली जगभरातून पसंतीचे अंगठे उमटायला लागले. इस्पितळाचा उमटला, बाहुल्यांचा उमटला, झूलवालीचा उमटला. सगळ्यात पहिला मात्र मेव्हण्याचा होता.